झूमवाल्याची कैफियत

आपल्याकडे एखाद्या गोष्टीला नावं ठेवायची झाली की आधी तिला इंग्रजी नाव ठेवतात. 'लबाडी' म्हटलं तर भांडण होतं, 'थिल्लरपणा' म्हटलं तर घरचे संस्कार निघतात. पण 'गिमिक' म्हटलं की ती समीक्षा होते. म्हणणारा आपोआप दोन इंच उंच दिसू लागतो आणि ऐकणारा चपला शोधू लागतो.

मी गेली काही वर्षं हा शब्द ज्या गुन्ह्याबद्दल ऐकून घेतो आहे तो गुन्हा असा : कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना लेन्सवरची झूमची रिंग फिरवणे. बस्स, एवढंच. यात कोणाला इजा होत नाही, सार्वजनिक शांततेचा भंग होत नाही. जुन्या भारतीय दंडविधानात याला कलम नव्हतं आणि २०२४ साली लागू झालेल्या न्यायसंहितेतही ते घालायचं कोणाला सुचलेलं नाही. तरीसुद्धा एका छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात अशा फोटोसमोर उभं राहून परीक्षकांनी जो चेहरा केला, तसा चेहरा मी आजवर फक्त चिकटपट्टी लावलेली नोट हातात आलेल्या माणसाचा पाहिला आहे. 'गिमिक!' ते म्हणाले आणि पुढे सरकले. पुढच्या फोटोत एक म्हातारा होता. सुरकुत्या होत्या, विडी होती, विडीचा धूर होता आणि सगळं काळंपांढरं होतं. त्याला पहिलं बक्षीस! म्हातारा, सुरकुत्या आणि विडी हे गिमिक नव्हे. ती परंपरा आहे.

तेव्हा झूमवाल्यांची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून मीच मांडतो.

आधी ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. २०२० सालापासून 'झूम' म्हटलं की लोक शर्ट बदलतात आणि खाली लुंगीवर बसून मीटिंग करतात. ती झूम वेगळी. आमची झूम म्हणजे जिची रिंग फिरवली की लांबची वस्तू जवळ येते आणि उलटी फिरवली की जवळची लांब जाते, अशी लेन्स. शहाणी माणसं ही रिंग आधी फिरवून घेतात, चौकट ठरवतात आणि मग बटण दाबतात. आम्ही बटण दाबतो आणि शटर अर्धा-एक सेकंद उघडं असतानाच रिंग फिरवतो. त्यामुळे समोरचा प्रत्येक दिवा, प्रत्येक पान, प्रत्येक पताका चित्राच्या मध्यातून बाहेर सुसाट निघाल्यासारखी रेघ ओढत जाते. बोगद्यातून गाडी बाहेर पडताना दिसतं तसं काहीसं.

यामागचं गणित सायन्सवाल्यांना आकृती काढून समजावावं लागतं. कॉमर्सच्या पदवीधराला ते एका वाक्यात कळतं : हे व्याजाचं गणित आहे. कॅमेऱ्याबरोबर जी साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स येते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली की प्रतिमा साधारण तिप्पट होते. चित्राच्या मध्यबिंदूपासून एखादा दिवा जितका दूर, ते त्याचं मुद्दल. दर सगळ्यांना एकच, तिपटीचा. मध्यापासून १ मिलिमीटरवर असलेला दिवा ३ मिलिमीटरवर जातो, म्हणजे २ मिलिमीटरची रेघ ओढतो. ४ मिलिमीटरवरचा १२ वर जातो, म्हणजे ८ मिलिमीटर धावून पार चौकटीच्या कडेला धडकतो. ज्याच्यापाशी आधीच जास्त, तो जास्त पळतो. बाहेरच्या जगात तरी दुसरं काय होतं? आणि जो नेमका मध्यावर बसला आहे त्याचं मुद्दलच शून्य. शून्यावर कुठल्याही दरानं व्याज शून्यच. तो जागचा हलत नाही. त्याच्या आसपासची गरीब मंडळीही फार हलत नाहीत. म्हणून सगळं जग उधळलेलं असताना मधला देवाचा मुखवटा तेवढा ओळखू येतो. ही काय लबाडी झाली? हा तर शुद्ध हिशेब आहे.

आणि ही १८-५५ लेन्स म्हणजे कोण? छायाचित्रकारांच्या समाजात हिला मुलगी देत नाहीत. कॅमेऱ्याच्या खोक्यात ही फुकटात मिळते, म्हणजे निदान तसं दुकानदार सांगतो. जाणकार मंडळी ती पहिल्या आठवड्यात विकून टाकतात आणि 'प्राइम' लेन्स घेतात. प्राइम लेन्सला झूम नसते. तिची किंमत कधीकधी चांगल्या स्कूटरच्या वर जाते आणि तिच्यात जवळ-लांब करायचं तर आपण स्वतः चालत पुढं-मागं जायचं. स्कूटरचे पैसे देऊन वर पायी चालायचं, हे मध्यमवर्गीय माणसाच्या गळी उतरणं कठीण आहे. पण माझा मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ही लाखमोलाची लेन्स काहीही करील, पण आमची दिव्यांची उधळण करून दाखवणार नाही. ती आमच्या फुकट्या लेन्सनंच करावी. मला नेहमी वाटतं, 'गिमिक' या शब्दाच्या पोटात कुठंतरी हे दुःख आहे.

बरं, झूम लेन्स ही काही परवा उपटलेली चीज नाही. साध्या ३५ मिलिमीटरच्या फोटो कॅमेऱ्यासाठी फ्रँक बॅक यांनी आखलेली 'झूमर' ही लेन्स फोख्टलेंडर कंपनीनं १९५९ साली बाजारात आणली. ३६ ते ८२ मिलिमीटर एवढीच तिची झेप. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली. तिच्यात एकच कडं होतं. गोल फिरवलं की फोकस, पुढं-मागं सरकवलं की झूम. पंपासारखं. अशी सरकती लेन्स हाती लागली तर सोडू नका; शटर उघडं असताना मनगट पिरगाळण्यापेक्षा हात सरळ ओढणं केव्हाही बरं.

आणि फोटोत हललेपणा मुद्दाम आणणं हे पाप असेल, तर पाप्यांची यादी पाहा. अर्न्स्ट हास यांनी १९५६ साली स्पेनमध्ये पाम्प्लोना इथं बैलांच्या झुंजीचे रंगीत फोटो काढले ते शटर मुद्दाम सावकाश ठेवून. बैल, माणूस, लाल कापड सगळं एकमेकांत विरघळलेलं. आमच्या परीक्षकांनी ते 'हात हलला' म्हणून परत पाठवले असते. 'लाइफ' साप्ताहिकानं ते छापले, आणि १९६२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं हास यांच्या रंगीत चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. त्यांनी झूम फिरवली नव्हती हे मान्य. पण शटर उघडं ठेवून काळाला आत येऊ देणं, हे आमचं गोत्र तेच.

सिनेमावाल्यांचं तर बोलायलाच नको. हिचकॉकनं 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये उंचीला घाबरणाऱ्या माणसाची भोवळ दाखवण्यासाठी कॅमेरा एका दिशेला न्यायचा आणि झूम उलट्या दिशेला फिरवायची अशी युक्ती केली. जिना खराही नव्हता. जिन्याचा छोटा नमुना आडवा निजवला होता. ते काही सेकंदांचं दृश्य पाहून आजही पोटात खड्डा पडतो. आणि आपल्याकडे सत्यजित राय. 'चारुलता' (१९६४) मध्ये नवरा पुस्तकात डोकं खुपसून बायकोच्या शेजारून निघून जातो. तिच्याकडे त्याचं लक्षही नसतं. ती हातातल्या दुर्बिणीतून त्याला पाठमोरा पाहते. आपल्याच घरात, आपलाच नवरा, दुर्बिणीतून! मग तिचा हात खाली येतो आणि झूम झर्रकन मागे सरते. ती एकटी तेवढी त्या घरात उरते. एक शब्द नाही, रडणं नाही. ज्या बायकोच्या नवऱ्याला रविवारी सकाळी वर्तमानपत्र लागतं, तिनं हे दृश्य बघू नये. यालाही कुणी गिमिक म्हणणार असेल तर त्याच्याशी माझं भांडण नाही, मी त्याला फक्त नमस्कार करीन.

अर्थात झूमची अब्रू घालवली तीही आपल्याच माणसांनी. १९७० च्या आसपासचे हिंदी सिनेमे आठवा. नायकाला आपला जुळा भाऊ सापडला की झूम, हरवला की झूम, खलनायकाच्या अंगठीवर झूम, आईच्या शिवणयंत्रावर झूम. मग २००० नंतर सासू-सुनांच्या मालिका आल्या. सून म्हणते, 'चहात साखर नाही.' लगेच सासूच्या चेहऱ्यावर तीनदा झूम, नणंदेच्या चेहऱ्यावर तीनदा झूम, आणि प्रत्येक झूमला ढोल. मीठ जास्त पडलं म्हणून मिठागरं बंद करायची नसतात, हे खरं. पण पंगतीला बसलेल्यांनी पाण्याचा तांब्या मागितला तर त्यांनाही दोष देता येत नाही. आमच्या छांदिष्ट मंडळींतही असे आचारी आहेत. बारसं असो, मुंज असो, प्रतिज्ञापत्राला लावायचा फोटो असो, हे रिंग फिरवणारच. पाळण्यातलं बाळ असं दिसतं की त्याला कुणीतरी तोफेतून उडवलं आहे. असल्यांना मी पाठीशी घालत नाही. ज्या दृश्यात मुळात उधळण नाही तिथं ती आणू नये.

पण परीक्षकांपेक्षा मला जास्त राग येतो तो दुसऱ्या पक्षाचा. हा पक्ष तरुण आहे, हसतमुख आहे आणि त्याच्या हातात फोन आहे. तो म्हणतो, "काका, एवढी खटपट कशाला? हे आता एका बटणावर होतं."

होतं! १९९० साली फोटोशॉप आलं. त्यात धूसर करण्याच्या हत्यारांमध्ये एक 'रेडियल ब्लर' नावाचं असतं आणि त्यात 'झूम' असा पर्याय असतो. शिवाय प्रत विचारतात : ड्राफ्ट, गुड की बेस्ट? उडप्याच्या हॉटेलात साधा, मसाला की म्हैसूर विचारतात तसं. त्याआधीही ही पळवाट होती. जाँ कोकँ या फ्रेंच छायाचित्रकारानं १९७८ साली 'कोकिन' फिल्टरांची पद्धत काढली; त्या चौकोनी काचांत एक काच लेन्सपुढे धरली की कडा आपोआप ताणलेल्या दिसत. म्हणजे खोटं बोलण्याची सोय कॉम्प्युटरनं केली असं नाही, त्यानं फक्त ती स्वस्त केली.

आता यात खोटं काय, ते मी बँकेच्या भाषेत सांगतो. व्यवहार झाला त्या क्षणी व्हाउचर फाडलं, नोंद केली, ती नोंद. संध्याकाळी टोटल लागेना म्हणून आठवून आठवून केलेली ती नोंद नव्हे. तिला आमच्याकडे दुसरं नाव आहे आणि तिच्यासाठी ऑडिटर लाल पेन्सिल घेऊन येतो. शटर उघडं असताना रिंग फिरवणं ही रोखीची नोंद आहे. त्या अर्ध्या सेकंदात दिवा होता, हात होता, आणि दिव्यानं खरोखरच त्या फिल्मवर किंवा सेन्सरवर तेवढी वाट चालून दाखवली. घरी येऊन बटण दाबणं ही मागील तारखेची नोंद आहे. आकडा कदाचित तोच येईल. पण ऑडिटर आकडा बघत नाही, तारीख बघतो.

शिवाय आकडाही तोच येत नाही, हीच तर मौज आहे! नेहमीच्या फोटोफाइलमध्ये प्रकाशाची नोंद ० ते २५५ एवढ्याच आकड्यांत होते. ० म्हणजे काळं ठिक्कर, २५५ म्हणजे पांढरं शुभ्र. आता रात्रीच्या फोटोत पणतीची ज्योत भोवतालापेक्षा कित्येक पटींनी प्रखर असते. पण रजिस्टरात २५५ च्या वर रक्कम लिहायलाच बंदी! म्हणजे एखाद्यानं लाखाचा भरणा केला तरी पासबुकात २५५ रुपये. आता संध्याकाळी तुम्ही ती रक्कम रेघभर वाटायला बसलात की वाट्याला येणार काय? चिल्लर. म्हणून बटणावरच्या रेघा मळकट, पिठात बोट फिरवल्यासारख्या येतात. आम्ही लाख रुपये हातात असतानाच वाटत सुटतो. म्हणून आमची रेघ शेवटपर्यंत झळाळते. ज्याला विश्वास नसेल त्यानं एकच पणत्यांची आरास दोन्ही तऱ्हांनी काढून शेजारी शेजारी ठेवावी.

दुसरं, त्या अर्ध्या सेकंदात जग आमच्यासाठी थांबत नाही. ज्योत वाऱ्यानं लवते, म्हणून तिची रेघ सरळ जाताजाता किंचित वळते. ढोल वाजवणाऱ्याचा हात वर जातो. कुणीतरी मध्येच आडवं जातं, आणि तो आडवा गेलेला गृहस्थ चित्रात भुतासारखा उमटतो. बटणवाल्या चित्रात भुतं येत नाहीत. तिथं सगळ्या रेघा सरळ, सारख्या, शिस्तीत. कवायतीला उभ्या केलेल्या.

आणि फोनमधली झूम म्हणजे तरी काय? बहुतेक फोनांत लेन्सला जागाच नसते, तेव्हा झूम म्हणजे एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारणं, नाहीतर मधला तुकडा कापून मोठा करणं. त्या उडीच्या मध्ये रिंग कुठली आणि फिरवणार काय? जिना नसलेल्या घरात कठड्यावरून घसरायची हौस कशी भागणार?

एकदा हे करून पाहायचं असेल तर त्रिपुरी पौर्णिमेची वाट पाहा. कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर त्या पहाटे दीपोत्सव असतो. अंधार, थंडी, पायऱ्या-पायऱ्यांवर पणत्या आणि खाली पाण्यात त्यांची दुसरी रांग. तेवढं लांब जायला नको असेल तर ज्या देवळापुढे दगडी दीपमाळ आहे आणि ती अजून खरोखर पेटवतात, ते देऊळ गाठा. दीपमाळ ही जणू या कामासाठीच बांधलेली वस्तू आहे. तिच्या पोटाशी चौकटीचा मध्य धरला की वरचे दिवे वर पळतात, खालचे खाली आणि बाजूचे बाजूला. अख्खी माळ फुलबाजीसारखी उमलते.

कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा; नसलं तर घाटाच्या कठड्यावर उपरण्याची चुंबळ करून तिच्यावर. आयएसओ १००, छिद्र एफ ११ च्या आसपास, शटर अर्धा ते एक सेकंद. फोकस ऑटोवरून काढून हाती घ्यावा, नाहीतर अंधारात ती लेन्स देव शोधल्यासारखी मागंपुढं करत बसते. रिंग फिरवायला बटण दाबण्याच्या किंचित आधीच सुरुवात करावी, म्हणजे धक्का बाहेर राहतो. हे सगळं दिवसा उन्हात करायला जाल तर जमणार नाही. उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ला शटर येतं सेकंदाच्या शंभराव्या भागाचं, आणि तेवढ्यात रिंग फिरवणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. काळी काच लावून प्रकाश अडवता येतो, पण पहाट फुकट असताना काच विकत कशाला घ्या?

चेहरा स्पष्ट हवा असेल तर निम्मा वेळ काहीही न करता थांबायचं आणि उरलेल्या निम्म्यात फिरवायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. हात शिवशिवत असतो. बसस्टॉपवर बस येताना दिसली की पुढं न सरकता उभं राहून दाखवा, तसलं ते काम आहे. आणि झूम बाहेरून आत न्यावी की आतून बाहेर, यावर आमच्यात दोन तट आहेत. खरं तर एकसारख्या वेगानं फिरवली असेल तर नुसत्या रेघेवरून दिशा कळत नाही, पण म्हणून भांडू नये असं थोडंच आहे?

वीस फोटोंत एखादा लागतो. परीक्षकांनी तोही मुद्दा काढला : "म्हणजे हा नशिबाचा खेळ!" मग म्हाताऱ्यानं विडीचा धूर नेमका कधी सोडला ते काय पंचांगात बघून ठरलं होतं? पुन्हा तोच हात, तीच रिंग, तीच पणती, तरी दुसरा फोटो तसा येत नाही. बटणवाल्याचा कितीही वेळा तसाच येतो.

एवढं सगळं असूनही मंडळानं यंदा एक नवा नियम केला. आमच्या तऱ्हेचे फोटो आता मुख्य विभागात घेत नाहीत, 'क्रिएटिव्ह' विभागात घेतात. वरवर पाहता सन्मान वाटतो. पण त्या विभागात शेजारी कोण? चंद्रावर वाघ बसवणारे. ताजमहालावर हत्ती चढवणारे. स्वतः घाटावर न जाता घाटावरचा सूर्योदय करून आणणारे. आम्ही पहाटे चारला उठून, थंडीनं बोटं वाकडी झालेली असताना, समोर असलेल्या दिव्याचा समोरच काढलेला, त्यानंतर एका बोटानंही न शिवलेला फोटो घेऊन जातो. आणि आम्हाला वाघवाल्यांच्या पंगतीला बसवतात! विडीवाल्या म्हाताऱ्याच्या मागची विजेची तार मात्र कॉम्प्युटरवर पुसलेली होती, आणि तो मुख्य विभागात. सुरकुत्यासुद्धा थोड्या गडद केलेल्या होत्या, हे त्या छायाचित्रकारानंच चहा पिताना मोठ्या अभिमानानं सांगितलं.

मी मंडळाकडे रीतसर लेखी अर्ज केला आहे. मागणी एकच. विभाग 'साधा' आणि 'क्रिएटिव्ह' असे न करता 'शटर बंद होण्यापूर्वी' आणि 'शटर बंद झाल्यानंतर' असे करावेत, आणि प्रत्येक फोटोमागे शटरचा वेळ लिहावा. जे काही करायचं ते आधी केलंत तर या दारानं या, नंतर केलंत तर त्या दारानं. वाघालाही दार आहे, म्हाताऱ्यालाही आहे. फक्त विडी तपासून आत सोडावी.

अर्जाची पोच मिळाली आहे. तिच्यावरचा शिक्का हललेला आहे, पण तो मी गिमिक समजत नाही.